जांभईची विद्या

विंचू हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कोण आईबाप पोराला विंचू म्हणतील? ते नाव मैदानानं दिलं. साबणाच्या कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये तो सगळ्यात पुढं खेळायचा, म्हणजे गोल मारायचं काम त्याचं. बाकीचे घाम गाळत इकडून तिकडं धावतायत, आणि हा आपला समोरच्यांच्या जाळीजवळ उभा, जसा काही बसची वाट बघतोय. बघणाऱ्याला वाटायचं, झोप लागली याला. समोरचे राखणदारही फसायचे, जरा ढिले पडायचे. तेवढ्यात कुठून तरी बॉल यायचा, हा अर्धं पाऊल टाकायचा आणि झालाच गोल! दगडाखालून विंचवानं नांगी मारावी तसा. एकदाच मारायचा, पण समोरचा नाचलाच पाहिजे.

कारखान्यात त्याला कामावर घेतलं ते हात बघून नाही, पाय बघून. वड्या कागदात गुंडाळायच्या आणि खोक्यात रचायच्या, असल्या लांबलचक टेबलाशी तो बसायचा. दुपार झाली की दारात उस्ताद येऊन उभे राहायचे. उस्ताद म्हणजे त्यांचे कोच. एक शिट्टी वाजली की खेळाडू उठले. बाकीचे कामगार मागून बोलायचे, "जा बाबांनो जा, तुमचे पाय सोन्याचे, आमचे हात साबणाचे." विंचू हसायचा. अंगाला साबणाचा इतका वास असायचा की समोरची टीम म्हणायची, याला अडवायला जावं तर अंघोळ करून आल्यासारखं वाटतं.

आता त्या कारखान्यात एक नियम होता. मॅचच्या आधी कारखान्याचा डॉक्टर सगळ्यांना रांगेत बसवायचा आणि ज्याला काही लागलंय त्याचा तो भाग अंगठ्यानं दाबायचा. चांगला कचकून दाबायचा. जो कळवळला तो बाहेर बसला. आणि बाहेर एकदा बसलं की गेलंच, कारण त्या जागेवर डोळा ठेवून दुसरा कोणीतरी टपलेलाच असायचा. विंचवाचा उजवा गुडघा चौथ्या वर्षी दुखावला. सुजून भोपळा झाला नुसता. तो उस्तादांकडं गेला, तोंड एवढंसं करून.

उस्ताद म्हणाले, "विंचवा, दात खातोस तू. दात खाल्ले की गालावर दिसतं. डोळे मिटतोस, तेही दिसतं. हसायला जाशील तर त्याहून वाईट, दुखणारा माणूस हसला की माकडासारखा दिसतो."

"मग करू काय?"

"जांभई दे."

"काय?"

"जांभई. अंगठा दाबला की आ करून मोठी जांभई द्यायची. तोंड वाकडं झालं तरी चालतं, आवाज आला तरी चालतो, डोळ्यांत पाणी आलं तरी कोणी विचारत नाही. जांभईला सगळं माफ असतं. आणि मनात सतराचा पाढा उलटा म्हणायचा."

विंचवाला सतराचा सुलटाही येत नव्हता. पण जांभई आली. अशी आली की कारखान्याचा डॉक्टर म्हणाला, "या माणसाला रात्रपाळी देऊ नका रे, झोपतोय बिचारा." आणि त्याच जांभईवर तो आणखी सहा वर्षं खेळला. एकशे बारा गोल मारले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसली ती सहा वर्षं. त्याचं तोंड तेवढं उघडं होतं.

शेवटी गुडघा गेला तो मैदानावर नाहीच. वड्यांच्या टेबलावरून चहा आणायला म्हणून उठला, आणि असा आवाज झाला की शेजारचा म्हणाला, "खोकं फुटलं का रे कुठलं?" एकोणतिसाव्या वर्षी बूट खुंटीला लागले. त्यानंतर कितीतरी वर्षं तो टेबलाशीच बसला. जिना चढताना डावा पाय वर, उजवा त्याच्याजवळ ओढायचा, असं एकेक करत. घरी बायकोसमोर गुडघ्यात कळ आली की जांभई. सवयच लागली ती. बायको बिचारी म्हणायची, "अहो, आजपण झोप झाली नाही का?" तिनं उशी बदलली, गादी बदलली, पलंग भिंतीपासून हलवून खिडकीशी नेला. यानं काही सांगितलं नाही.

मग कधीतरी गावातल्या मोठ्या मैदानाचे कारभारी त्याच्याकडं आले. पोरींची टीम काढली होती आणि तिला कोच मिळत नव्हता. ज्याला विचारावं तो म्हणे, बघू, पुढच्या वर्षी. विंचू म्हणाला, "आणा." लोक हसले. पण शिकवायचा बरं का चांगलं! पोरी आधी दिसेल तिकडं धावायच्या, बॉल एक आणि मागं अकराजणी, कोंबड्यांत दाणे टाकल्यासारख्या. हा म्हणायचा, "धावायला काय, गाढवालाही येतं. उभं राहायला शिका." तिसऱ्या वर्षी त्या पोरी जिंकायला लागल्या.

त्यांत एक होती भिंगरी. हे नाव विंचवानंच ठेवलं. बॉल पायाशी आला की ती जागच्या जागी अशी फिरायची की राखणारी पोरगी डावीकडं आणि ही उजवीकडून पसार. सतरा वर्षांची. बापाची बाजाराच्या कोपऱ्यावर कुलपं-किल्ल्यांची टपरी, एवढीशी, कपाटाएवढी. आत बाप, बाहेर लटकणाऱ्या किल्ल्या, आणि दिवसभर कानसीचा आवाज. आई लहानपणीच गेलेली. बाप कमी बोलायचा. लेकीची मॅच असली की टपरीला स्वतःचं कुलूप लावून यायचा आणि मैदानाच्या कडेला उभा राहायचा, टाळ्यासुद्धा वाजवायचा नाही, नुसता हातातल्या किल्ल्या वाजवायचा.

शेवटच्या मॅचला, कप कोणाचा ते ठरणार होतं त्या मॅचला, दहा दिवस राहिले होते. सरावात भिंगरी उडी मारून खाली आली ती पाय वाकडा पडून. गुडघा सुजला. उजवाच. विंचवानं बर्फ लावला, पट्टी बांधली, म्हणाला, होईल कमी. झालं नाही. आणि त्या मॅचलाही नियम होता, पट्टी बांधलेल्या प्रत्येकीला मॅच भरवणाऱ्यांचा डॉक्टर आधी तपासणार.

विंचवाला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. कळतच होतं. तो गुडघा त्याच्या ओळखीचा होता, स्वतःचाच गुडघा पोरीच्या पायावर बघतोय असं त्याला वाटलं. पण आतला दुसरा विंचू म्हणत होता, हिच्याशिवाय टीम म्हणजे पिठाविना चाळण. आणि एकशे बारा गोल मारून त्याच्या हाताला आयुष्यात कप लागला नव्हता. साबणवाल्यांची टीम दोनदा शेवटपर्यंत गेली आणि दोन्ही वेळा हरली. स्वतःला मात्र त्यानं वेगळंच सांगितलं. मोठ्या टीमची माणसं बघायला येणारेत, पोरीचं नशीब उघडेल, मी तिच्यासाठीच करतोय. माणूस स्वतःला फसवायला बसला की दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही.

मॅचच्या दोन दिवस आधी त्यानं तिला सामानाच्या खोलीत बोलावलं. जाळ्या, बॉलची पोती, खांब, चुन्याचे डबे. एका पोत्यावर तिला बसवलं, दार उघडंच ठेवलं, आणि समोर गुडघ्याशी बसून म्हणाला, "भिंगरे, मी दाबतो, तू जांभई द्यायची."

ती हसायलाच लागली. "सर, काहीतरीच काय!"

त्यानं अंगठा दाबला. ती किंचाळली.

"किंचाळलीस की बाहेर बसलीस. पुन्हा."

पुन्हा दाबला. तिनं ओठ चावला.

"ओठ दिसतो. पुन्हा."

पाचव्या वेळी तिनं जांभई दिली. सुरेख, मोठी, दुपारच्या मांजरीसारखी. डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि विचारलं, "जमली?"

"शाब्बास!" विंचू म्हणाला. "शाब्बास गं माझ्या वाघिणी!"

तीन वर्षांत त्यानं तिला एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती. गोल मारल्यावर म्हणायचा, ठीक. फार तर म्हणायचा, बरा होता. पोरगी त्या शाबासकीनं अशी फुलली की लंगडत बाहेर गेली ती गाणं गुणगुणत. तोच एक शब्द पुढं त्याच्या घशात अडकून बसला, माशाच्या काट्यासारखा, गिळताही येईना आणि बाहेरही येईना.

आदल्या दिवशीही विंचवानं गोड बोलता बोलता दोनदा अचानक अंगठा दाबून बघितला, दोन्ही वेळा जांभईच आली. मॅचच्या दिवशी डॉक्टरनं गुडघा दाबला. भिंगरीनं जांभई दिली. डॉक्टर म्हणाला, "रात्रभर जागलीस वाटतं, पोरी? ताण घेऊ नकोस. जा, खेळ."

पहिल्या अर्ध्यात तिनं गोल मारला. कडेला किल्ल्या खुळखुळल्या. विंचू एका पायावर नाचला. दुसऱ्या अर्ध्यात, संपायला थोडाच वेळ उरलेला, तिच्याकडं बॉल आला आणि ती फिरली, तिची ती नेहमीची गिरकी. अंग फिरलं, पाऊल गवतात रुतून राहिलं आणि मधल्या मध्ये गुडघा गेला.

ती पडली. पण ओरडली नाही. गवतावर पाठ टेकून, आभाळाकडं तोंड करून तिनं जांभई दिली. एक, मग दुसरी. रेफरीला वाटलं, दमलीय. लोकांना वाटलं, वेळ काढतेय, आपली टीम पुढं आहे ना! त्या एवढ्या मोठ्या मैदानात काय झालंय ते एकट्या विंचवाला कळलं. आणि तोसुद्धा लगेच धावला नाही. मोजून चार श्वास तो जागेवर उभा राहिला. त्याला वाटलं, उठेल. मी उठायचो. मग धावला.

कप जिंकले. कोणीतरी तो कप त्याच्या हातात दिला आणि फोटो काढला. त्या फोटोत विंचू असा दिसतो की जणू कोणी त्याच्या हातात दुसऱ्याचं रडतं मूल दिलंय.

गुडघ्यात हाडांना बांधून ठेवणारी दोरी तुटली होती. ऑपरेशन झालं, नवी दोरी ओवून स्क्रूनं पक्की केली. विंचू रोज दवाखान्यात. सकाळी कामावर जायच्या आधी, संध्याकाळी सराव संपल्यावर. फळं न्यायचा, मोसंबी सोलून द्यायचा, जमिनीवर काही सांडलं तर पुसायचा. शेजारच्या खाटेवरच्या बायका म्हणायच्या, "असा कोच बघितला नाही बाई! सख्खा काका करणार नाही इतकं." आणि कुलूपवाला, तो मितभाषी माणूस, एके दिवशी दवाखान्याच्या जिन्यात त्याचे दोन्ही हात धरून म्हणाला, "सर, तुमचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही नसतात तर पोर खचली असती." विंचवाला वाटलं, जिन्यानं आपल्याला गिळावं. पण तोंडातून काय निघालं? "अहो, त्यात काय, माझी लेकच आहे ती." घरी येऊन त्यानं ते हात तीनदा धुतले.

सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू झाला. डॉक्टरीणबाई होत्या हाडांच्या, उंच, चष्मा डोक्यावर ठेवायच्या आणि सगळीकडं शोधायच्या. त्या भिंगरीचा पाय वाकवायच्या. "दुखतंय?" "नाही." "इथं?" "नाही." "ही तर फार झपाट्यानं बरी होतेय!" डॉक्टरीणबाई खूश. कुबड्या काढून टाकल्या. पायऱ्या चढायला लावलं. गुडघ्याचा पुढचा एक्स-रे फोटो तीन महिन्यांनी काढू म्हणाल्या, दुखत नाहीये तर कशाला उगीच.

विंचू त्या दिवशी दारात उभा होता. भिंगरी कठडा धरून पायऱ्या चढत होती. तिसऱ्या पायरीवर तिनं जांभई दिली. पाचवीवर दिली. सातवीवर तर अशी दिली की डोळ्यांतून धार लागली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोप पुरी करत जा गं."

विंचवानं ती जांभई ओळखली.

तिला बाहेर बाकावर बसवून त्यानं हळूच विचारलं, "भिंगरे, खरं सांग. दुखतंय?"

"नाही सर."

"मला सांग. मी कोणाला सांगत नाही."

ती डोळे बारीक करून हसली. "परीक्षा घेताय ना? मला कळतं की! मी फसणार नाही."

"परीक्षा नाही गं. शपथ."

"तेव्हाही तुम्ही असंच करायचात. गोड बोलून अचानक अंगठा दाबायचात." आणि मान ताठ करून म्हणाली, "मी बाहेर बसणार नाही, सर. पुढच्या मोसमात मी खेळणार."

आता याला काय म्हणावं? कुलूप यानंच लावलं आणि किल्ली विहिरीत टाकली. त्याच्याच तोंडून निघालेलं खरंसुद्धा तिला फसवणूक वाटायला लागलं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर एखादवेळेस ती बोललीही असती, पण विंचवानं विचारलं म्हणजे जांभईच.

तो घरी आला. बायकोनं चहा ठेवला. त्याला उठून कप घ्यायचा होता, गुडघ्यात कळ गेली आणि जांभई आली.

"झोप झाली नाही का आज?" बायको म्हणाली.

आणि विंचू टेबलावर डोकं ठेवून रडायलाच लागला. बायको घाबरली. मग त्यानं सगळं सांगितलं, उस्ताद, अंगठा, सामानाची खोली, शाब्बास, सगळं. बायकोनं गॅस बंद केला.

"म्हणजे वीस वर्षं मी उशा बदलत बसले?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"पलंग हलवताना माझ्या कमरेत उसण भरली होती, आठवतंय? आणि तुम्ही उभे राहून जांभया देत होतात!"

"चुकलं."

"माझं राहू द्या हो." तिचा आवाज एकदम उतरला. "पोरीच्या बापाला सांगितलंत?"

"कोणत्या तोंडानं सांगू? तो माझे हात धरतो."

"ज्या तोंडानं पोरीला जांभई शिकवलीत त्याच. आणि उद्यावर ढकलू नका. ती रोज पायऱ्या चढतेय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या खोलीत डॉक्टरीणबाई होत्या, भिंगरी टेबलावर पाय पसरून बसलेली, आणि कुलूपवाला भिंतीशी स्टुलावर. विंचवानं दार लावून घेतलं. पाठ कोणाकडं करावी ते त्याला कळेना, जिकडं वळावं तिकडं तोंड. शेवटी जमिनीकडं बघत म्हणाला, "डॉक्टरीणबाई, हिला दुखतंय. ही जांभई देते तेव्हा दुखतंय. मी शिकवलंय तिला. मॅचच्या आधी मीच अंगठा दाबून दाबून शिकवलं."

"सर!" भिंगरी म्हणाली. तिला वाटलं, यांनी आपल्याला विकलं.

डॉक्टरीणबाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगताना निदान घाई होती. दुसऱ्यांदा एकेक शब्द दात उपटल्यासारखा निघाला. कुलूपवाल्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, तो वाजायचा थांबला.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि दाबली. भिंगरीनं जांभई दिली. "दुखतंय?" "नाही." पुन्हा दाबलं, पुन्हा जांभई. "अगं, आता सगळ्यांना कळलंय, आता तरी सांग!" "नाही म्हटलं ना! सर खोटं बोलतायत. मला टीममधून काढायचंय त्यांना."

तेव्हा विंचू पुढं झाला, पँट गुडघ्याच्या वर सारली आणि बाजूच्या टेबलावर चढून बसला. त्याचा तो गुडघा म्हणजे जुन्या झाडाची गाठ, वेडावाकडा, एका अंगाला सुजलेला. "डॉक्टरीणबाई, माझा दाबा. हिच्यादेखत दाबा. भिंगरे, बघ, मी ओरडणार आहे. मोठ्यानं ओरडणार आहे. त्यात काही लाज नाही, बघ तू."

डॉक्टरीणबाईंनी दाबला. चांगला जोरात दाबला, त्यांनाही राग आलेला होताच. विंचवानं ओरडायला तोंड उघडलं, आणि आली ती जांभई. लांबलचक. त्यानं मान हलवली, म्हणाला, "थांबा, पुन्हा." पुन्हा दाबलं. त्यानं डोळे मिटले, मुठी आवळल्या, आई गं म्हणायचं ठरवलं, आई एवढं ओठांपर्यंत आलं, आणि पुन्हा जांभई. तिसऱ्यांदाही तेच. म्हातारपणाला टेकलेला गडी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंड आ वासलेलं, आणि ओरडता येत नाही. विद्या इतकी मुरली होती की मालकाचंच ऐकेना.

भिंगरी आधी हसली. मग तिनं त्याच्या गुडघ्याकडं बघितलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि हसू तसंच राहून गेलं.

"सर, तुम्हाला रोज दुखतं?"

"रोज."

"किती वर्षं झाली?"

"तुझ्या वयाहून जास्त."

ती बापाकडं वळून म्हणाली, "बाबा, दुखतंय. लई दुखतंय हो. पहिल्या दिवसापासून." आणि लहान पोर रडावं तशी भोकाड पसरून रडली. बाप उठला, तिचं डोकं छातीशी धरलं. विंचू टेबलावरून उतरला. त्याच्याकडं कोणी बघितलं नाही.

गुडघ्याचा फोटो काढला. स्क्रू सैल झाला होता, दोरी सुटत आली होती आणि हाडाला घासून घासून आत जखम झालेली. डॉक्टरीणबाई विंचवाला व्हरांड्यात म्हणाल्या, "आणखी महिनाभर पायऱ्या चढली असती तर काठीशिवाय चालली नसती कधी. आज सांगितलंत म्हणून चालेल. पण मॅचच्या आधी सांगितलं असतंत तर दोन महिने बसून बरी झाली असती. नुसती बसून." मग म्हणाल्या, "शाब्बास म्हणणार नाही मी तुम्हाला."

दुसरं ऑपरेशन झालं. विंचवानं कारभाऱ्यांना सगळं खरं सांगितलं आणि टीमची शिट्टी टेबलावर ठेवली. त्यांनी ती घेतली, नको नको म्हटलं नाही. मॅच भरवणाऱ्यांना चिठ्ठी गेली, कप परत गेला. बाकीच्या पोरी त्याच्यावर चिडल्या, काही त्यानं खेळात लबाडी केली म्हणून, काही कप गेला म्हणून. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. दवाखान्यात जाणं त्यानं थांबवलं, म्हणजे खाली फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. बाजारातून जाताना त्या टपरीवरून जायला लागू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं जायचा, गुडघा ओरडत असला तरी. खाई त्याला खवखवे.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी कुलूपवालाच त्याच्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "तिला रोज चालायला सांगितलंय. घरापासून मैदानापर्यंत आणि परत. मला टपरी सोडता येत नाही."

"मी येतो," विंचू घाईघाईनं म्हणाला.

"तुम्ही यावं असं मला वाटत नाही. ती म्हणते, सरच पाहिजेत. मी विचारलं, का, तर म्हणते, दुखलं की त्यांना न सांगता कळतं." त्यानं पहिल्यांदाच विंचवाच्या डोळ्यांत बघितलं. "ती थांबेल तिथं थांबायचं. एक पाऊल जास्त नाही."

"नाही."

"आणि माझ्याशी बोलायची गरज नाही."

तेव्हापासून दोघं चालतात. भिंगरी काठी टेकत, विंचू तिच्या डाव्या अंगाला, एक हात अंतरावर. रस्ता तसा दहा मिनिटांचा, त्यांना पाऊण तास लागतो. ती म्हणते, "थांबा, दुखतंय," की थांबायचं. कधी शिंप्याच्या दुकानापुढं, कधी नळाच्या खांबाशी, कधी भर रस्त्यात, मागून गाड्या भोंगे वाजवतायत तरी. पहिल्यांदा तिला ते म्हणायला लाज वाटायची, आता मोठ्यानं म्हणते. तो कधी म्हणत नाही. त्याला अजून जमत नाही.

एकदा अशीच ती मैदानाच्या तारेपाशी पोचली. आत टीमचा सराव चाललेला, नवा कोच शिट्ट्या मारत होता. तिनं तारेत बोटं अडकवली आणि बराच वेळ बघत राहिली. मग वळून न बघता विचारलं, "सर, मी पुन्हा खेळेन?"

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, बघू पुढं. बापानं सांगितलं होतं, देवाला माहीत. विंचवालाही तसं काही म्हणता आलं असतं. दोन गोड शब्द तोंडात तयार होते, आणि बोलला असता तर पोरगी त्या दिवसापुरती तरी हसली असती.

"नाही," तो म्हणाला.

तिनं तारेतली बोटं काढली. काठी उचलली आणि घराकडं चालायला लागली, एकटीच, त्याला हाक न मारता. तो मागून निघाला. शिंप्याच्या दुकानाजवळ तिला दुखलं आणि ती थांबली, त्याच्याकडं पाठ करून. तोही थांबला, जिथं होता तिथंच, दहा पावलं मागं. ती चालली की चालला, थांबली की थांबला. असं करत करत त्यानं तिला घराच्या दारापर्यंत पोचवलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आल्यावर मग लांबच्या रस्त्याला लागला.